दिवे बंद करायच्या ठरावाआधी: कलम १७ नेमकं काय मागतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. दक्षिण इंग्लंडमधल्या एका लहान गावात राहणारे एक मराठी गृहस्थ यंदा पॅरिश कौन्सिलवर, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारख्या गावपातळीच्या संस्थेवर, निवडून आले. रेल्वे स्टेशनपासून त्यांच्या वस्तीपर्यंत एक पायवाट आहे. तिच्यावरचे दिवे पॅरिश कौन्सिलच्या मालकीचे आहेत. वीजबिल कमी करायला ते रात्री ११ नंतर बंद करावेत, असा ठराव पुढच्या बैठकीत यायचा आहे. यांनी सुरक्षिततेचा मुद्दा काढला तेव्हा कौन्सिलचा कारभार पाहणाऱ्या क्लार्कबाईंकडून उत्तर मिळालं, "गुन्हे हा पोलिसांचा विषय, आपला नाही." मग कुणीतरी १९९८ च्या एका कायद्यातलं ‘कलम १७’ सुचवलं. ते विचारतात: हे कलम काय आहे, ते आमच्या छोट्या कौन्सिलला लागू होतं का, आणि त्याच्या जोरावर ठराव थांबवता येईल का?

मी मूळची मिरजेची. इंग्लंडमधल्या वेगवेगळ्या कौन्सिलांच्या सामाजिक सुरक्षा विभागांत गेली १९ वर्षं काम करते आहे. आधी सरळ उत्तर देते. कलम लागू होतं. "पोलिसांचा विषय" हे उत्तर कायद्यात बसत नाही. पण या कलमानं ठराव आपोआप थांबत नाही. ते कौन्सिलला विचार करायला भाग पाडतं, अमुकच निर्णय घ्यायला नाही. हा फरक पक्का लक्षात ठेवलात तर बैठकीत तुमचं म्हणणं टिकेल. "हे बेकायदा आहे" म्हणून सुरुवात केलीत तर पहिल्या पाच मिनिटांत तुम्ही एकटे पडाल.

तुमच्या क्लार्कबाईंना असं का वाटतं, हे मला समजतं. आपल्याकडून इथं आलेल्या कुणालाही तसंच वाटेल. आपल्या डोक्यात नगरपालिका म्हणजे नळ, गटार, रस्ते, दिवे आणि पोलीस म्हणजे गृहखातं, अशी दोन दालनं पक्की असतात. इंग्लंडमध्येही १९९८ पर्यंत साधारण अशीच विभागणी होती. त्या वर्षीच्या ‘क्राइम अँड डिसऑर्डर ॲक्ट’नं त्या दोन दालनांमधली भिंत पाडली. कलम १७ त्याच कायद्यातलं. मराठीत त्याचा आशय असा सांगता येईल: प्रत्येक संस्थेनं आपली विविध कामं पार पाडताना, त्या कामांचा आपल्या हद्दीतल्या गुन्ह्यांवर आणि उपद्रवावर काय परिणाम होण्याचा संभव आहे याचा, आणि ते रोखण्यासाठी वाजवीपणे करता येईल ते सगळं करण्याच्या गरजेचा, यथायोग्य विचार केला पाहिजे.

यातले "आपली विविध कामं पार पाडताना" हे शब्द दोनदा वाचा. कलमाचं मर्म तिथंच आहे. गुन्हे रोखण्याचं वेगळं खातं काढा, असं कायदा म्हणत नाही. उद्यान, वाहनतळ, ग्रंथालय, घरबांधणी, परवाने, कचरा, दिवे यांचं जे काम तुम्ही करतच आहात, ते करताना हा विचार करा, असं तो म्हणतो. म्हणून "हे आमच्या विभागाकडे येत नाही" ही पळवाट उरत नाही. दिवे तुमच्याकडे येतात ना? मग त्या दिव्यांपुरता हा विचारही तुमच्याकडे येतो.

मूळ मजकूर गुन्हे आणि उपद्रव एवढ्यापुरताच होता. २००६ च्या कायद्यानं त्यात परिसराला त्रास देणारं असामाजिक वर्तन आणि अंमली पदार्थ, दारू वगैरेंचा गैरवापर आला. २००९ च्या कायद्यानं पुन्हा गुन्हा करण्याचा मुद्दा आणला आणि २०२२ च्या कायद्यानं गंभीर हिंसाचाराचा.

लागू कुणाला? काउंटी, डिस्ट्रिक्ट आणि बरो कौन्सिलं, लंडनची ग्रेटर लंडन अथॉरिटी आणि ट्रान्सपोर्ट फॉर लंडन, अग्निशमन प्राधिकरणं, राष्ट्रीय उद्यानांची प्राधिकरणं. इंग्लंडमधली पॅरिश कौन्सिलं आणि वेल्समधली कम्युनिटी कौन्सिलंही ‘स्थानिक प्राधिकरण’ या व्याख्येतच येतात. त्यामुळे तीन कर्मचाऱ्यांची तुमची पॅरिशही सुटत नाही. स्कॉटलंडला हे कलम लागू नाही. हाउसिंग असोसिएशन (परवडणारी घरं भाड्यानं देणाऱ्या ना-नफा संस्था) आणि रुग्णालयांचे ट्रस्ट त्या यादीत नाहीत. मला ही यादीची मोठी उणीव वाटते, कारण इथली लाखो घरं आज हाउसिंग असोसिएशनांकडे आहेत. पण तो तुमचा आजचा प्रश्न नाही.

तुमच्या क्लार्कबाईंना आणखी एक गोष्ट दाखवा, मात्र बैठकीत नाही, आधी निवांत गाठून. पॅरिशला दिवे लावायचा अधिकार १९५७ च्या ‘पॅरिश कौन्सिल्स ॲक्ट’मधून मिळतो. आणि कलम १७ च्याही एक वर्ष आधी, १९९७ च्या ‘लोकल गव्हर्नमेंट अँड रेटिंग ॲक्ट’च्या कलम ३१ नं पॅरिश कौन्सिलांना गुन्हे रोखण्यासाठी उपकरणं बसवायचा आणि योजनांवर खर्च करायचा स्वतंत्र अधिकार दिला. म्हणजे गुन्हे रोखणं हा पॅरिशचा विषय आहे, असं संसदेनं दोन वेगवेगळ्या कायद्यांत सांगून ठेवलं आहे.

आता हा कायदा आला कुठून, ते सांगते. ते कळल्याशिवाय कलमाचा हेतू पकडीत येत नाही. मँचेस्टरच्या उत्तरेला रॉचडेल गावात कर्कहोल्ट नावाची कौन्सिलची वस्ती आहे. १९८० च्या दशकाच्या मध्याला तिथं साधारण २,२८० घरं होती आणि घरफोड्यांचा सुळसुळाट होता. संशोधक आणि अधिकारी घरोघरी गेले. ज्यांची घरं फोडली गेली त्यांच्याशी आणि पकडलेल्या चोरांशीही बोलले. दोन गोष्टी समोर आल्या. पहिली, एकदा फोडलेलं घर थोड्याच दिवसांत पुन्हा फोडलं जात होतं. दुसरी गोष्ट मला आजही चटका लावते. बऱ्याच घरांत गॅस-विजेची नाणी टाकायची मीटरं होती. म्हणजे गरिबांच्या घरात रोख रकमेची एक पेटीच कायम ठेवलेली, आणि ती कुठं आहे ते प्रत्येक चोराला ठाऊक. मीटरमधले पैसे चोरीला गेले की ते भरून द्यायची वेळ पुन्हा त्या घरावरच यायची.

ती मीटरं पोलिसांनी बसवली नव्हती आणि त्यांना ती काढताही आली नसती. बसवली होती ऊर्जा मंडळांनी, आपल्या वसुलीची सोय म्हणून. नाण्यांची मीटरं काढून दुसऱ्या प्रकारची बसवली गेली. फोडलेल्या घरांची कुलपं लगेच सुधारली. आजूबाजूच्या पाच-सहा घरांना एकमेकांवर लक्ष ठेवायला सांगितलं. पहिल्याच वर्षात घरफोड्या निम्म्याहून खाली आल्या आणि पुढंही उतरत गेल्या. वसुलीसाठी एका कचेरीत घेतलेला निर्णय दुसऱ्या कुणाच्या घराचं दार फोडायला कारण ठरू शकतो, हे कर्कहोल्टनं आकड्यांनी दाखवलं.

नंतर १९९१ मध्ये जेम्स मॉर्गन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं अहवाल दिला की, गुन्हे रोखण्याची कायदेशीर जबाबदारी स्थानिक कौन्सिलांवरही टाकावी. तेव्हाच्या सरकारनं ते मानलं नाही. १९९७ मध्ये सरकार बदललं आणि पुढच्याच वर्षी कायदा झाला.

आता ‘यथायोग्य विचार’ म्हणजे काय? इंग्रजीत शब्द आहेत ‘ड्यू रिगार्ड’. समानतेच्या कायद्यातही हेच शब्द आहेत आणि त्यावर न्यायालयांनी बरंच लिहिलं आहे. कलम १७ वर थेट निकाल मोजकेच आहेत, म्हणून आम्ही सगळे तिकडचीच शिस्त इकडे लावतो. ती अशी: विचार निर्णयाच्या आधी हवा, निर्णय झाल्यावर त्याला चिकटवलेला नको. तो मोकळ्या मनानं हवा. तो निर्णय घेणाऱ्यांनी स्वतः करायला हवा, कुठल्या सल्लागारावर सोपवून चालत नाही. त्याची नोंदही ठेवलेली बरी, कारण नोंदच नसेल तर विचार केला होता हे पुढं सिद्ध करणं कठीण जातं. विचाराची खोली विषयाच्या वजनाप्रमाणे ठरते. बाकाला कोणता रंग द्यायचा यासाठी गुन्ह्यांची आकडेवारी मागवायची गरज नाही. स्टेशनच्या वाटेवरचे दिवे विझवायला मात्र आहे.

प्रत्यक्षात हे कलम मरतं ते एका ठरावीक जागी. कौन्सिलच्या प्रत्येक अहवालाच्या शेवटी चार-पाच ठरलेली उपशीर्षकं असतात: आर्थिक परिणाम, कायदेशीर परिणाम, समानता, पर्यावरण, गुन्हे आणि उपद्रव. शेवटच्या उपशीर्षकाखाली शंभरातल्या बहुतेक अहवालांत एकच शब्द असतो, ‘नाही’. मी स्वतः नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत तो शब्द कितीतरी वेळा लिहिला, कारण आधीच्या अहवालात तोच होता. मी तो लिहायचं थांबवलं त्यामागे एक प्रसंग आहे.

मी ज्या एका कौन्सिलमध्ये होते, तिनं बसस्थानकाजवळचं सार्वजनिक स्वच्छतागृह बंद केलं. देखभालीचा खर्च झेपत नव्हता, हे कारण खरं होतं. अहवालात गुन्ह्यांच्या रकान्यात ‘नाही’ होतं. त्या स्वच्छतागृहात वापरलेल्या सुया टाकायची पेटी होती, ही गोष्ट तो अहवाल लिहिणाऱ्याला माहीत नव्हती. आमच्या विभागाला ती माहीत होती, पण आम्हाला कुणी विचारलंच नाही. दोन महिन्यांत दुकानांच्या मागच्या बोळात सुया सापडायला लागल्या. दुकानदारांची मुलं त्याच बोळातून शाळेला जायची. लघवीचा वास, संध्याकाळची भांडणं, एक मारहाण. मग बोळ रोज धुवायचा खर्च, सुया उचलायला खास माणसं, दोन कॅमेरे. वाचवलेल्या पैशांपेक्षा कितीतरी जास्त खर्च झाला, आणि तोही तीन वेगवेगळ्या विभागांच्या अंदाजपत्रकांतून, त्यामुळे कुणाला एकत्र दिसला नाही. स्वच्छतागृह बंद करायलाच नको होतं, असं मी आजही म्हणणार नाही. पण सुयांची पेटी समोरच्या औषधाच्या दुकानात हलवणं एका फोनचं काम होतं. तो फोन करायची आठवण देण्यासाठीच तर तो रकाना आहे.

"हा आमचा विषय नाही" या उत्तराची किंमत याहून फार मोठीही होते. २००७ मध्ये लेस्टरशायरमध्ये फियोना पिल्किंग्टन यांनी आपल्या १८ वर्षांच्या अपंग मुलीसह, फ्रान्सेकासह, जीवनयात्रा संपवली. घरासमोर जमणाऱ्या मुलांचा छळ त्या कुटुंबानं वर्षानुवर्षं सोसला होता. पोलिसांना ३३ वेळा कळवलं होतं. २००९ मधल्या मृत्यू-चौकशीत ज्युरीनं पोलिसांबरोबर स्थानिक कौन्सिलांच्या वागण्यातल्या उणिवाही दाखवल्या. प्रत्येक कचेरीकडे थोडी थोडी माहिती होती, पण ती एकत्र कुणी केलीच नाही. मी नव्या सहकाऱ्यांना शिकवताना कलम १७ ची सुरुवात या घटनेपासून करते. इंग्लंड-वेल्समध्ये आता २०१४ च्या कायद्यानुसार वारंवार उपद्रव सोसणाऱ्याला आपल्या प्रकरणाचा सगळ्या संस्थांकडून एकत्र फेरविचार मागता येतो. तुमच्या गावात असं कुणी कुटुंब असेल तर त्यांना हे नक्की सांगा. मराठी कुटुंबं तक्रार करायला लाजतात, "उगाच कशाला" म्हणतात, आणि नोंदच होत नाही.

आता तुमच्या दिव्यांकडे येते. इथं माझ्याकडून तुम्हाला बहुधा वेगळं ऐकायची अपेक्षा असेल, पण पुरावा दोन्ही बाजूंनी बोलतो. २०१५ मध्ये इंग्लंड-वेल्समधल्या ६२ प्राधिकरणांच्या माहितीवर मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवे पूर्ण बंद करणं किंवा रात्री काही तास बंद ठेवणं यामुळे त्या त्या भागात गुन्हे किंवा अपघात वाढले, असा पुरावा त्यात मिळाला नाही. दिवे मंद केले किंवा पांढऱ्या प्रकाशाचे लावले तिथं उलट गुन्हे थोडे कमी झाल्याची पुसटशी चिन्हं होती. दुसरीकडे न्यूयॉर्कमध्ये २०१६ मध्ये सार्वजनिक वसाहतींत चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या ठिकाणी प्रखर दिवे उभारले, तेव्हा रात्री घराबाहेर होणारे गंभीर गुन्हे साधारण ३६ टक्क्यांनी घटले. म्हणून "दिवे गेले की गुन्हे वाढणारच" असं बैठकीत म्हणू नका. समोरच्या कुणीतरी २०१५ चा अभ्यास वाचलेला असेल.

पण तो अभ्यास रस्त्यांच्या जाळ्याबद्दल आहे, मोठ्या क्षेत्रांच्या सरासरीबद्दल आहे. तुमची पायवाट सरासरी नाही. तिच्याकडे एकाही घराची खिडकी उघडत नसेल, दोन्ही बाजूंना झाडी असेल, मध्ये बाहेर पडायला फाटा नसेल आणि स्टेशनवरून येणाऱ्याला दुसरी वाटच नसेल, तर प्रश्न वेगळा होतो. रात्रपाळी संपवून येणारी नर्स, लंडनहून शेवटच्या गाडीनं येणारी विद्यार्थिनी, हॉटेलात भांडी घासून परतणारा मुलगा, या लोकांना ही वाट लागते. बैठकीला येणाऱ्यांपैकी किती जण रात्री साडेअकराला ती वाट चालतात? कलम १७ चा विचार म्हणजे हेच: आपला निर्णय, आपली जागा, आपले लोक.

तयारी अशी करा. सगळ्यात आधी शेवटच्या गाडीची वेळ पाहा, शुक्रवार-शनिवारची वेगळी. ती १२:२० ची असेल तर ११ ही वेळ कुठून आली, एवढा एक प्रश्न पुरेसा आहे. बहुतेक वेळा ती ठेकेदाराच्या पत्रकातून आलेली असते. मग पोलिसांच्या संकेतस्थळावरचा गुन्ह्यांचा नकाशा पाहा. इंग्लंड-वेल्ससाठी तो २०११ पासून सगळ्यांना खुला आहे, महिन्यागणिक माहिती मिळते. मात्र एक सावधगिरी घ्या. ओळख लपवण्यासाठी प्रत्येक गुन्हा त्याच्या नेमक्या जागी न दाखवता जवळच्या ठरावीक बिंदूवर दाखवतात. पायवाटेवरची लूट शेजारच्या रस्त्याच्या नावावर दिसू शकते. म्हणून स्थानिक पोलीस पथकाला लेखी विचारा: गेल्या दोन वर्षांत या वाटेवर काय नोंदलं आहे, आणि दिवे गेले तर तुमचं मत काय? प्रत्येक पोलीस दलात आराखड्यातूनच गुन्हे टाळण्याचा सल्ला देणारे अधिकारी असतात. त्यांना एकदा वाट दाखवून आणा.

आणि स्वतः चाला. रात्री, दिवे चालू असताना आणि शक्य असेल तर बंद असताना. सोबत दोन स्त्रिया, एक ज्येष्ठ नागरिक, एखादी कमी दिसणारी व्यक्ती असू द्या. मी अशा कितीतरी चालण्यांत गेले आहे आणि प्रत्येक वेळी कागदावर नसलेलं काहीतरी सापडलं आहे. एकदा दिवे सगळे ठीक होते, पण झुडपांच्या वाढलेल्या कुंपणामुळे निम्मा प्रकाश झाडीतच राहत होता. दिवे वाढवायची मागणी होती, काम कात्रीनं झालं.

मराठी किंवा एकूण भारतीय वस्ती जास्त असेल तर एक मुद्दा वेगळा मांडा. दिवाळीच्या सुमारास घरातलं सोनं हेरून होणाऱ्या घरफोड्यांबद्दल इथली पोलीस दलं दर वर्षी इशारे देतात. चोर पुढच्या दारापेक्षा मागच्या बाजूनं, कुंपणालगतच्या अंधाऱ्या वाटेनं येणं पसंत करतो. तुमची पायवाट घरांच्या मागच्या अंगणांना लागून जात असेल तर ती नुसती स्टेशनची वाट उरत नाही. लिव्हरपूल परिसरात घरांमागच्या बोळांना फाटकं बसवली तेव्हा तिथल्या घरफोड्या सुमारे एक तृतीयांशानं घटल्या होत्या. मागची बाजू किती महत्त्वाची असते ते त्यावरून कळतं. तुमच्या वाटेला फाटक चालणार नाही, ती वाहती आहे. पण हा मुद्दा अहवालात यायला हवा.

कलम १७ कुठं थांबतं, तेही माहीत असू द्या. ते कौन्सिलला नवा अधिकार देत नाही. आहेत तेच अधिकार विचार करून वापरायला सांगतं. ‘वाजवीपणे करता येईल ते’ या शब्दांत पैसाही येतो, म्हणून विचार करूनही "परवडत नाही" असं कौन्सिल म्हणू शकते. एखाद्याला त्या वाटेवर इजा झाली तर कलम १७ मोडलं म्हणून थेट नुकसानभरपाई मिळेल, असं समजू नका. लंडनमधल्या हाउन्स्लो कौन्सिलविरुद्धचा खटला पाहा. बौद्धिक अपंगत्व असलेल्या एका जोडप्यावर त्यांच्याच घरात तरुणांच्या टोळक्यानं अत्याचार केले. कौन्सिलला धोका माहीत होता. तरी २००९ मध्ये अपील न्यायालयानं कौन्सिलची भरपाईची जबाबदारी मान्य केली नाही. तो खटला निष्काळजीपणाचा होता, कलम १७ चा नव्हता, पण न्यायालयं सार्वजनिक संस्थांवर अशी जबाबदारी टाकायला किती नाखूश असतात ते त्यातून दिसतं. निर्णय विचाराविना घेतला असेल तर न्यायालयीन पुनर्विलोकनाचा, म्हणजे तो कायद्याला धरून घेतला का हे न्यायालयाकडून तपासून घेण्याचा, मार्ग आहे. त्याची मुदत तातडीची आणि कमाल तीन महिन्यांची, खर्च भलामोठा. पॅरिश कौन्सिलांविरुद्धच्या तक्रारी स्थानिक कारभाराच्या तक्रारी तपासणारा इथला लोकपालही सहसा घेत नाही. म्हणून तुमची खरी जागा बैठकच आहे, निर्णय व्हायच्या आधी.

याच कलमाचा गैरवापर कसा होतो, तेही मला सांगितलं पाहिजे, कारण मी तो जवळून पाहिला आहे. ‘गुन्हे रोखण्यासाठी’ असं म्हणून बाक उखडले जातात, बेघर माणसाला हुसकलं जातं, मुलांच्या टोळक्याला "इथं नको" म्हटलं जातं. एका वस्तीत लोकांच्या आग्रहावरून मुलांच्या बसायच्या शेडचं छत काढलं. मुलं शाळेच्या मागं गेली, जिथं त्यांच्यावर कुणाचीच नजर नव्हती. तक्रारी थांबल्या, म्हणून काम फत्ते झालं असं सगळ्यांनी धरलं. पुढच्या हिवाळ्यात त्यातल्या दोन मुलांना नशेचा माल विकायला लावणारा एक माणूस नेमका तिथंच त्यांना गाठत होता, हे उघड झालं. गुन्ह्याचा विचार म्हणजे नकोशा माणसांना नजरेआड करणं नव्हे. न्यायालयांनीही ही रेघ आखली आहे. १९९७ मध्ये वॉल्सॉलजवळच्या एका जामीन-वसतिगृहाच्या (जामिनावर सुटलेल्या आरोपींना ठेवायच्या जागेच्या) प्रकरणात अपील न्यायालयानं मान्य केलं की लोकांची भीती नियोजनात विचारात घेता येते, कारण तिथं घडलेल्या प्रसंगांचा आधार होता. पण २००५ मध्ये भटक्या कुटुंबांच्या तळाबाबत त्याच न्यायालयानं बजावलं की, एखाद्या समाजाच्या लोकांबद्दलच्या पूर्वग्रहाला भीतीचं नाव देऊन चालणार नाही. आपण स्वतः इथं परके म्हणून वावरलो आहोत, कधीतरी दुकानात संशयानं पाहिले गेलो आहोत. निदान आपल्या तोंडून तरी "त्या लोकांमुळे" हे शब्द यायला नकोत. २०१० च्या समानता कायद्याचं कलम १४९, म्हणजे समानतेचा यथायोग्य विचार करायचं कर्तव्य, तुमच्या कौन्सिलला याच ठरावावर तितकंच लागू आहे. दिवे गेल्यानं बायकांवर, वृद्धांवर, कमी दिसणाऱ्यांवर जास्त परिणाम होतो का, हा प्रश्न त्यातच येतो. दोन्ही कलमं एकत्र मांडा.

बैठकीची रीत सांभाळा. पॅरिशचा अजेंडा बैठकीच्या किमान तीन पूर्ण दिवस आधी निघतो आणि अजेंड्यावर नसलेल्या विषयावर निर्णय घेता येत नाही. तुमचा ठराव अजेंड्यावर आहे, त्यामुळे त्याला दुरुस्ती सुचवता येईल. पण तुमचं एक पानी टिपण आठवडाभर आधी क्लार्कना द्या, म्हणजे ते सगळ्या सदस्यांपर्यंत जाईल. क्लार्क तुमच्या विरोधात नाहीत. बहुतेक पॅरिश क्लार्क एकट्या दहा माणसांचं काम करतात, आणि ‘हा रकाना कसा भरायचा’ हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. टिपणात तो परिच्छेद तुम्हीच लिहून द्या: वाट कोण, केव्हा वापरतं, पोलिसांनी काय कळवलं, कुठले पर्याय पाहिले, त्यांचा खर्च किती.

दुरुस्ती साधारण अशी असू द्या: दिवे रात्री ११ ला बंद न करता शेवटच्या गाडीनंतर अर्ध्या तासापर्यंत पूर्ण चालू राहतील, त्यानंतर पहाटेच्या पहिल्या गाडीपर्यंत मंद केले जातील. एलईडी बसवायचा खर्च आणि त्यातून होणारी वार्षिक बचत पुढच्या बैठकीत मांडली जाईल. सहा महिन्यांनी पोलिसांच्या नोंदी आणि रहिवाशांच्या तक्रारी पाहून फेरविचार होईल. इतिवृत्तात "कलम १७ आणि समानता कर्तव्य यांचा विचार करून" हे शब्द घालायला सांगा. शब्द साधे आहेत, पण पुढच्या वेळी कुणी "हा आपला विषय नाही" म्हणालं तर तुमच्याच कौन्सिलचं इतिवृत्त समोर ठेवता येईल.

ठराव तरीही मूळ रूपात मंजूर झाला तर रागावून राजीनामा देऊ नका. तुमच्या डिस्ट्रिक्टमध्ये सामाजिक सुरक्षा भागीदारी असते. पोलीस, कौन्सिलं, अग्निशमन, प्रोबेशन (शिक्षा झालेल्यांवर तुरुंगाबाहेर देखरेख ठेवणारी सेवा) आणि आरोग्य सेवा तिथं एकत्र बसतात. डिस्ट्रिक्ट कौन्सिलची एक छाननी समिती वर्षातून निदान एकदा त्या भागीदारीच्या कामाची तपासणी करते. तुमच्या डिस्ट्रिक्टच्या कौन्सिलरला ही पायवाट तिथं मांडायला सांगा. दरम्यान त्या वाटेवर कुणालाही काही झालं, अगदी नुसता पाठलाग झाला तरी, त्यांना पोलिसांकडे नोंद करायला लावा आणि तारीख-वेळ तुमच्या वहीत लिहा. सहा महिन्यांनी फेरविचाराची मागणी कराल तेव्हा ती वहीच तुमच्या कामी येईल.

शेवटच्या गाडीची वेळ आणि वाटेचा साधा हातानं काढलेला नकाशा मला पाठवलात, त्यात मागच्या अंगणांची कुंपणं आणि दिव्यांचे खांब दाखवलेत, तर त्या परिच्छेदाचा मसुदा मी तुम्हाला करून देईन.